निळी नळी तपकिरी करताना: लॉरेल माउंटन फोर्जच्या ब्राउनिंग द्रावणाविषयी

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून बार ठासून भरायच्या, बंदुकीची कारखान्यातून निळी-काळी होऊन आलेली नळी गंजाच्या तपकिरी रंगात आणायची ठरवल्यावर मी त्यासाठी लॉरेल माउंटन फोर्जचे 'बॅरल ब्राउन अँड डीग्रीझर' हे द्रावण वापरले, आणि सात हात (म्हणजे द्रावणाचे सात लेप), तीन दिवस व त्यानंतरचा बराच काळ वापर एवढ्या अनुभवावर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. द्रावण उत्तम आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा संथपणा. ते पोलादावर चढाई करत नाही. हळूहळू, बारीक कणाचा गंज धरवते आणि प्रत्येक टप्प्यावर काम करणाऱ्याला थांबून पाहायला, सुधारायला वेळ देते. ज्याला एका संध्याकाळी काम उरकायचे आहे त्याच्यासाठी मात्र ते नाही.

माझी बंदूक टोपीवर (आघाताने पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर) उडणारी, आठ पैलूंच्या नळीची, १९७० साली बाजारात आलेल्या थॉम्पसन/सेंटर हॉकेनच्या घाटाची आहे. या घाटाच्या बंदुका साधारणतः चकचकीत निळ्या नळीसह येतात. ती निळाई दिसायला वाईट नसते, पण जुन्या घडणीच्या लाकडी दस्त्याशेजारी ती नवखी वाटते, आणि दस्त्याला तेल पाजून लाकूड जसजसे गडद होत गेले तसतशी ती मला अधिकच खटकू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तयार झालेल्या शिकारी रायफलींच्या नळ्या पुष्कळदा तपकिरी असत. हार्पर्स फेरीच्या १८०३ च्या लष्करी रायफलीची आणि १८४१ च्या 'मिसिसिपी' रायफलीची नळीही तपकिरीच होती. चकाकी घालवली म्हणजे उन्हात नळी लखलखत नाही, आणि आधीच गंजून थांबवलेले पोलाद तेल धरून ठेवते, ही त्यामागची व्यवहाराची कारणे. त्याउलट अठराव्या शतकातल्या ब्रिटिश पायदळाच्या मस्केटींच्या नळ्या घासूनपुसून पांढऱ्या लखलखीत ठेवण्याची शिस्त होती, त्यामुळे त्या मस्केटींचे 'ब्राउन बेस' हे नाव नळीच्या तपकिरी रंगावरून पडले हे स्पष्टीकरण मला पटत नाही. एवढे विषयांतर पुरे.

निळा आणि तपकिरी हे दोन्ही रंग लोखंडाच्या ऑक्साइडचेच आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय हे काम नीट करता येत नाही. कारखान्यात नळी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या साधारण १४० अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रावणात बुडवली जाते आणि तिच्या पृष्ठभागावर मॅग्नेटाइटचा, म्हणजे काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. तपकिरी रंग म्हणजे आपला नेहमीचा तांबूस गंज. फरक एवढाच की तो आपण ठरवलेल्या गतीने धरवायचा, दर वेळी सैल भाग झाडून टाकायचा, घट्ट बसलेला ठेवायचा आणि हवी ती छटा आली की त्याला तिथेच थोपवायचे. काळा थर शिल्लक असेल तिथे द्रावण पोलादापर्यंत सारख्या प्रमाणात पोहोचत नाही आणि नळीवर ढगाळ डाग उठतात. म्हणून जुनी निळाई पूर्ण उतरवणे हे या कामातले पहिले खरे काम आहे, आणि ते कोणत्याही बाटलीत विकत मिळत नाही.

त्याआधी एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. बंदूक रिकामी आहे याची खात्री गजाने करावी: गज नळीत शेवटपर्यंत सोडावा, तोंडाशी खूण करावी, आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून खूण तोंडाशी जुळवून त्याचे टोक ब्रीचपर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकापर्यंत, पोहोचते का ते पाहावे. ठासणीच्या बंदुकीत जुना भरलेला बार वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. खात्री झाल्यावर नळी दस्त्याला धरून ठेवणारी पाचर काढून नळी दस्त्यापासून सोडवावी. हुक्ड ब्रीचच्या, म्हणजे नळी मागे नुसत्या आकड्यात अडकवलेल्या, बंदुकीत हे काम दोन मिनिटांचे आहे. निपल (टोपी बसवायची पोकळ खुंटी) काढावे, माशी आणि मागची खाच, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, काढाव्या, नळीखालची पट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर तीही काढावी. ब्रीच प्लग (नळीचे मागचे टोक बंद करणारे बूच) मात्र हलवू नये. तो घट्ट बसवलेला असतो आणि रंगासाठी त्याला हात लावण्याचे काहीच कारण नाही.

निळाई उतरवण्यासाठी मी साधे पांढरे व्हिनेगर वापरले. व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी नळीभोवती गुंडाळून ठेवली, आणि पंधरा-वीस मिनिटांत काळा थर मऊ होऊन बारीक स्टील वूलने पुसला जाऊ लागला. खाली राखाडी, थोडेसे दुधट दिसणारे पोलाद उघडे पडले. ज्या जागी निळाई चिवट होती तिथे दुसऱ्यांदा फडके ठेवावे लागले. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून नळी धुतली आणि ताबडतोब कोरडी केली. बाजारातल्या फॉस्फोरिक आम्लाच्या गंजनाशकांनीही निळाई झटकन उतरते, पण ते आम्ल पोलादावर फॉस्फेटचा पातळ थर सोडते, आणि तो थर गंजाला अडवण्यासाठीच असतो. तो एमरी पेपरने पूर्ण घासून काढला नाही तर पुढे ब्राउनिंग धरत नाही आणि माणूस द्रावणाला दोष देत बसतो. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या वाफा खोलीतल्या इतर लोखंडालाही गंजवतात. आणि व्हिनेगर वापरत असताना ब्लीच जवळपासही नसावे, कारण दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.

त्यानंतर घासकाम. इथे माझी समजूत सुरुवातीला चुकीची होती. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका रंग सुंदर, असे मला वाटत होते, पण आरशासारख्या पृष्ठभागावर गंजाला पाय रोवायला जागा मिळत नाही. आधी २२० आणि मग ३२० क्रमांकाचा पेपर एवढेच पुरे. महत्त्वाचे आहे ते पैलूंच्या कडा सांभाळणे. पेपर बोटाखाली धरून घासला तर बोट मऊ असल्याने कडेवर जास्त दाब पडतो आणि आठ पैलूंची नळी हळूहळू गोल होऊ लागते. म्हणून पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर किंवा कानशीवर ताणून बसवावा, आणि नळीच्या लांबीच्या दिशेनेच हात चालवावा. एक पैलू पूर्ण झाल्यावर मगच पुढचा घ्यावा. मी नळी खिडकीच्या उजेडात तिरपी धरून एकेका कडेवरून नजर फिरवत गेलो. कडेवर पडणारी प्रकाशाची रेघ जिथे जाड किंवा वेडीवाकडी दिसली तिथे मी चुकलो होतो हे लगेच कळत होते. या कामाला मला संपूर्ण दुपार लागली, आणि आज नळी पाहून लोक ज्या गोष्टीचे कौतुक करतात ती रंगापेक्षाही या कडांमुळे आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

नळीच्या आतल्या भागाला द्रावण आणि त्याची वाफ यांपासून वाचवावे लागते. दोन्ही बाजूंनी निमुळत्या, घट्ट बसणाऱ्या लाकडी गुडद्या हा जुना आणि सर्वोत्तम उपाय आहे. ठासणीच्या बंदुकीची ब्रीच बंद असल्याने तोंडाला एकच गुडदी लागते, आणि ती लांब ठेवली की तीच नळी धरायची मूठ होते. ब्रीचच्या हुकाला मी तार बांधली, म्हणजे नळीला बोट न लावता ती टांगता येते. निपलच्या भोकात एक जुने निपल बसवून त्याचे छिद्र मेणाने बंद केले. आतून नळीला तेलाचा अगदी हलका हात दिला, पण तो तोंडाच्या कडेपर्यंत येणार नाही याची काळजी घेतली.

आता द्रावणाविषयी. त्याच्या नावातच 'डीग्रीझर' आहे, म्हणजे तेलकटपणा तोडणारा घटक त्यातच मिसळलेला आहे. जुन्या पद्धतीत नळीवर बोटाचा ठसा उमटला तरी तो रंगात कायमचा राहत असे, आणि म्हणून कारागीर खडूच्या पुडीचा लेप देऊन, स्वच्छ हातमोज्यांशिवाय नळीला स्पर्श न करता काम करत. हा दावा पाहण्यासाठी मी मुद्दाम नळीच्या खालच्या, पट्टीने झाकल्या जाणाऱ्या पैलूवर उघड्या बोटाचा ठसा उमटवला आणि त्यावरून पहिला हात दिला. तिसऱ्या हातानंतर तो ठसा शोधूनही सापडला नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटली, कारण घरी काम करणाऱ्याच्या हातून कुठे ना कुठे स्पर्श होतोच. तरीही बाकीची नळी मी गरम पाणी व भांड्यांच्या साबणाने धुऊन, ॲसिटोनने पुसूनच घेतली होती, आणि तसेच करावे असे मी सांगेन. पाणी ओतल्यावर ते थेंबाथेंबांनी न फुटता सलग पापुद्र्यासारखे पसरले, म्हणजे पोलाद स्वच्छ झाले असे समजावे.

द्रावण लावण्याची पद्धत हीच या सगळ्या कामातली नाजूक जागा. सुती कापडाची छोटी घडी द्रावणात बुडवून इतकी पिळायची की ती ओली नव्हे, जेमतेम दमट राहावी; मग ब्रीचपासून तोंडापर्यंत एका पैलूवर एकच सलग हात, न थांबता, मागे न फिरता. एकदा लावलेल्या जागेवर पुन्हा फिरायचे नाही. रंगारी भिंतीवर ज्या मोकळेपणाने ब्रश पुढेमागे मारतो ती सवय इथे घात करते. अशा बऱ्याच द्रावणांत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार असतो. पोलादावर द्रावण जास्त झाले किंवा तेच चोळले गेले की तांबे पृष्ठभागावर उतरते आणि तिथे गुलाबी, धातूसारखा चमकणारा पट्टा दिसतो. माझ्याकडून दुसऱ्या हाताच्या वेळी हीच चूक झाली. घडी नव्याने भिजवल्यावर मी ती पुरेशी पिळली नाही, आणि डाव्या वरच्या पैलूवर ब्रीचजवळ चार बोटे लांबीचा तांबूस पट्टा उठला. पट्टा पाहून मी घाबरलो, पण स्टील वूलने तो घासून काढला, जागा स्वच्छ केली, आणि पुढच्या दोन हातांत ती जागा बाकीच्या नळीबरोबर आली. ही दुरुस्ती शक्य झाली ती द्रावण संथ असल्यामुळेच, असे मला वाटते.

यानंतर नळीला दमट हवा लागते. साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता असली तर काम सुरळीत चालते. मी एका उंच, अरुंद कपाटात खाली गरम पाण्याचे पसरट भांडे ठेवले, वरून नळी टांगली आणि आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक लावला. कपाटात नळी ठेवण्याआधी ती खोलीच्या तापमानापेक्षा थोडी कोमट करून घ्यावी, नाहीतर थंड पोलादावर वाफेचे दव धरते, थेंब ओघळतात आणि प्रत्येक ओघळ रंगात उमटतो. पहिल्या हाताला मी चार तास दिले, पुढच्या हातांना तीन ते पाच, आणि रात्रीचा हात सकाळपर्यंत राहिला. रात्रीचा हात देताना मी पाण्याचे भांडे बाहेर काढून आर्द्रता उतरू दिली, कारण जास्त वेळ आणि जास्त ओल एकत्र आली की गंज भरड होतो आणि पोलादाला बारीक खड्डे पडतात.

पहिला हात उघडून पाहिला तेव्हा मन खट्टू झाले. नळीवर नारिंगी ठिपके होते, मध्ये मध्ये राखाडी पोलाद तसेच, आणि कपाटाच्या उजेडात ते सगळे आजारी माणसाच्या कातडीसारखे दिसत होते. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने इथे धीर सोडू नये. गरम पाण्यात नळी धुऊन, तेल काढून टाकलेल्या ०००० क्रमांकाच्या स्टील वूलने मी तो सैल गंज हलक्या हाताने झाडला. स्टील वूल कारखान्यातून तेल लावूनच येते, म्हणून ते आधी ॲसिटोनमध्ये बुडवून वाळवणे अत्यावश्यक आहे. झाडताना बोटांवर हळदीसारखी पिवळी-तांबडी भुकटी येते, आणि तिच्या खाली पोलादाला चिकटून राहिलेली एक फिकट, कॉफीच्या डागासारखी छटा असते. तेवढीच आपली कमाई. दुसऱ्या हातानंतर ठिपके जुळू लागले; तिसऱ्यानंतर राखाडी रंग दिसेनासा झाला; चौथ्या-पाचव्याला छटा मातकट तपकिरी झाली आणि गंजाचा कणही बारीक होत गेला. पाचव्या हातापासून मी स्टील वूल सोडून जाड, खरखरीत सुती कापड वापरले, कारण तोपर्यंत धरलेला थर स्टील वूलने कडांवरून निघू लागला होता. सहाव्या हाताने विशेष फरक पडला नाही. सातव्याने नळीचा रंग चिंचेच्या जुन्या कोळासारखा खोल आणि सारखा झाला, आणि मी थांबलो.

एका जागी मात्र मला परत मागे जावे लागले. माशी काढायची म्हटले तर ती ज्या खाचेत बसते ती इतकी घट्ट होती की ठोकून ती बिघडेल या भीतीने मी ती तशीच राहू दिली होती. कपाटातल्या उबेने खाचेत मुरलेले जुने तेल पातळ होऊन बाहेर झिरपले आणि माशीभोवती नखाएवढे गोरे वर्तुळ तयार झाले, जिथे गंज धरतच नव्हता. बोटाचा ठसा आणि सतत झिरपणारे तेल या दोन निराळ्या गोष्टी आहेत; दुसरीला कोणतेही द्रावण पुरे पडणार नाही. शेवटी पितळी पंचाने माशी हळूच सरकवून काढली, खाच ॲसिटोनने तीन वेळा धुतली, ती जागा पुन्हा ३२० च्या पेपरने उघडी केली आणि तिथे तीन हात वेगळे दिले. जो काही वेळ मी सुरुवातीला वाचवला होता त्याच्या तिप्पट वेळ तिथे गेला.

गंज धरवणे जितके महत्त्वाचे तितकेच त्याला थोपवणे. द्रावणातले आम्ल आणि क्षार सूक्ष्म छिद्रांत राहिले तर वरून तेल लावल्यावरही आतून गंज चालूच राहतो, आणि आठवडाभराने नळीवर तांबडी भुकटी उगवते. म्हणून खाण्याचा सोडा भरपूर घातलेल्या गरम पाण्याने नळी चोळून धुवावी आणि मग स्वच्छ गरम पाण्याने दोन-तीन वेळा खळखळून काढावी. इथे एक सूक्ष्म भेद आहे. पाणी गरम असावे, पण नळी उकळत्या पाण्यात ठेवू नये. उकळत्या पाण्यात तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. 'रस्ट ब्लूइंग' नावाची सुंदर पद्धत याच तत्त्वावर चालते आणि हेच द्रावण त्यासाठीही वापरले जाते. पण ज्याला तपकिरी रंग हवा आहे त्याने सात हातांची मेहनत पाच मिनिटांत काळवंडून घेऊ नये. कठीण पाणी असेल तर शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्याने करावे, म्हणजे वाळताना क्षारांचे पांढरे ठिपके राहत नाहीत.

धुऊन वाळलेली नळी पाहून पुन्हा एकदा शंका येते, कारण ती कोरडी, मातीच्या भांड्यासारखी निस्तेज दिसते. तिला कोमट असतानाच तेल पाजले की रंग जागा होतो. मी पहिले दोन दिवस साधे बंदुकीचे तेल भरपूर लावून ठेवले, रोज पुसून पाहिले, फडक्यावर तांबडा रंग येणे थांबल्यावर मधमाश्यांचे मेण आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण हाताच्या उबेने चोळले. तेलाने छटा दोन पायऱ्या तरी गडद होते, हे लक्षात घेऊनच कोणत्या हातावर थांबायचे ते ठरवावे. हव्या त्या रंगाच्या थोडे अलीकडे थांबणे योग्य. मग गुडदी काढून नळीचा आतला भाग कोरड्या फडक्यांनी पुसला, आणि तोंडाच्या कडेला कुठे गंज शिरला नाही ना ते भिंग लावून पाहिले. तिथे सारे स्वच्छ होते.

दुसऱ्या पद्धतींशी तुलना करायची तर, गरम पोलादावर लावायची तपकिरी द्रावणेही मिळतात. त्यांत धातू साधारण १३५ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे पाण्याचा थेंब चुरचुरून उडेल इतका तापवून वर द्रावण फिरवतात आणि रंग काही मिनिटांत येतो. चापाचे कडे, पाचरी, स्क्रू अशा लहान भागांवर मी ती पद्धत वापरली आहे आणि तिथे ती सोयीची आहे. पण २८ इंच लांबीची जाड नळी टोकापासून टोकापर्यंत एकाच तापमानाला ठेवणे घरगुती ज्योतीवर फार अवघड जाते. एक बाजू निवते, दुसरी जास्त तापते आणि रंगाला जांभळट पट्टे पडतात. शिवाय नळीखालची पट्टी किंवा माशी कथील-शिशाच्या डागाने (सोल्डरने) जोडलेली असेल तर तो डाग १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो, आणि ज्योतीखाली तेवढे तापमान ओलांडायला वेळ लागत नाही. त्या द्रावणांच्या वाफा नाकात जाऊ नयेत म्हणून काम उघड्यावरच करावे लागते.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लष्करी पुस्तिकांतले जुने नुस्खेही अनेकांना खुणावतात. त्यांत मद्यार्क, लोहाचा अर्क, मोरचूद, नायट्रिक आम्ल यांच्याबरोबर मर्क्युरिक क्लोराइड हा पाऱ्याचा जहाल विषारी क्षार असे. त्या काळच्या कारागिरांच्या हाताला मी मनापासून मान देतो, पण तयार, मोजके आणि पाऱ्याशिवायचे द्रावण मिळत असताना घरात तो क्षार आणणे मला समर्थनीय वाटत नाही. मिठाच्या पाण्याने किंवा ब्लीचने नळी गंजवण्याचे सल्लेही ऐकू येतात. त्यांनी रंग लवकर येतो हे खरे, पण क्लोराइड पोलादाच्या छिद्रांत ठाण मांडून बसते आणि पुढे अनेक महिने आतून खड्डे पाडत राहते. आणि एक स्पष्टच सांगतो: नळी स्टेनलेस पोलादाची असेल तर या कुठल्याच फंदात पडू नये, तिच्यावर गंज धरणार नाही, आणि बंदूक खरोखर जुनी, शंभर-दीडशे वर्षांची असेल तर तिच्या मूळ पृष्ठभागाला हात लावू नये, मग तो कितीही उडालेला असो.

या नळीतून त्यानंतर मी पुष्कळ बार काढले आहेत. काळ्या दारूची काजळी ओल ओढून घेते, त्यामुळे प्रत्येक वेळी नळी गरम पाण्याने धुवावी लागते, आणि बंदुकीच्या रंगाची खरी परीक्षा तिथेच होते. पूर्वीच्या निळाईवर निपलभोवती पांढुरके डाग राहत आणि ते पुसताना रंगही जात असे. तपकिरी थरावर ते डाग ओल्या फडक्याने निघतात, आणि तेलाचा हात फिरवला की जागा पूर्ववत होते. झीज अजिबात नाही असे नाही: जिथे मी बंदूक उचलताना नळी मुठीत धरतो तिथे, वरच्या दोन कडांवर, रंग किंचित फिका होऊन पोलादाची एक बारीक रेघ दिसू लागली आहे. ती मी मुद्दाम तशीच ठेवली आहे, कारण ती धरण्यामुळे आली आहे, खरवडण्यामुळे नाही. बाटलीत निम्म्याहून अधिक द्रावण अजून शिल्लक आहे. ते मी वापराच्या भांड्यातले उरलेले परत न ओतता, झाकण घट्ट लावून, लोखंडी हत्यारांपासून दूर ठेवले आहे. पुढचे काम नळीखालच्या पट्टीचे आणि गज अडकवायच्या दोन नळकांड्यांचे आहे, आणि ती अजून निळीच आहेत.